टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी लॅबचं नेटवर्क संथ का?

द्वितीयवर्ष_सोलापूर

नमस्कार. डिप्लोमा, संगणक शाखा, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी दोन खोल्यांतले १२ संगणक एका स्विचला जोडायचे आहेत. साहित्य: १६ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच, कॅट ६ केबलचा ३०५ मीटरचा बॉक्स, आरजे ४५ कनेक्टर, क्रिंपिंग टूल आणि आठ दिव्यांचा साधा टेस्टर. केबली आम्हीच तयार केल्या. स्विचच्या खोलीतल्या ३ ते ५ मीटरच्या आहेत, पलीकडच्या खोलीतल्या ३० ते ४० मीटरच्या.

स्विचजवळचे सहाही संगणक १००० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिंक दाखवतात आणि नीट चालतात. पलीकडच्या सहापैकी चार संगणक १०० वर अडकलेत, तिथं फाइल कॉपी होताना सेकंदाला ११ एमबी (मेगाबाइट, १ बाइट म्हणजे ८ बिट) दिसतात. उरलेले दोन १००० दाखवतात, पण कॉपी २-३ एमबीने होते आणि मधेच थांबते. संगणक बदलून पाहिले, स्विचचे पोर्ट बदलून पाहिले, फरक नाही. टेस्टरवर मात्र सगळ्या केबलींचे दिवे १ ते ८ क्रमाने लागतात.

तीन प्रश्न आहेत.
१) टेस्टर पास करतो म्हणजे केबल चांगलीच ना? मग दोष कुठं शोधायचा?
२) १०० एमबीपीएस भागिले ८ म्हणजे १२.५. मग ११ च का?
३) तोंडी परीक्षेत बॉड आणि बिट रेट यातला फरक हमखास विचारतात. पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, पण कळलेली नाही.

---

रॅक_पॅनेल

आधी दुसरा प्रश्न, कारण त्याचं उत्तर सरळ हिशेबात आहे.

इथरनेटच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) जास्तीत जास्त १५०० बाइट माल बसतो. तारेवर मात्र त्याच्याबरोबर बरंच काही जातं. सुरुवातीची ८ बाइटची सूचना, पत्ते आणि प्रकाराचे १४ बाइट, शेवटी चूक तपासायचे ४ बाइट आणि दोन चौकटींमधली १२ बाइटांइतकी सक्तीची मोकळी जागा. बेरीज १५३८. त्या १५०० मधलेही २० बाइट आयपीच्या आणि २० टीसीपीच्या मथळ्याला जातात, म्हणजे तुझ्या फाइलचे उरले १४६०.

१४६० भागिले १५३८ म्हणजे साधारण ९४.९ टक्के. १०० एमबीपीएसच्या तारेवर फाइलचा वेग ९४.९ एमबीपीएस, ८ ने भागला की ११.८६ एमबी. विंडोज १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतं, म्हणून पडद्यावर ११.३ च्या आसपास दिसतं. फाइल शेअरिंगचे स्वतःचे निरोप धरले की ११ आलाच. म्हणजे ते चार संगणक १०० च्या हिशेबाने अगदी पूर्ण वेगाने चाललेत. ते १००० वर का जात नाहीत, एवढंच शोधायचं आहे.

आता केबल. टेस्टर एकेका तारेतून बारीक डीसी करंट सोडतो आणि पलीकडे त्याच नंबरचा दिवा लागतो का ते बघतो. १ नंबरची तार १ ला पोचली, २ ची २ ला, एवढंच तो सांगू शकतो. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही.

म्हणून एक काम कर. कनेक्टरचा खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल तुझ्याकडे येईल असा धर. डावीकडून पहिली पिन १ नंबरची. दोन्ही टोकांचे रंग क्रमाने इथं लिही.

---

द्वितीयवर्ष_सोलापूर

सर, दोन्ही टोकांना अगदी सारखा क्रम आहे:

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

जोडीशेजारी जोडी ठेवली की लक्षात राहायला सोपं, म्हणून बाराही केबली अशाच केल्या. दोन्हीकडं सारखं असलं की चालतं असं ऐकलं होतं.

---

रॅक_पॅनेल

दोष इथंच आहे. याला स्प्लिट पेअर म्हणतात, जोडी फुटणं.

इथरनेटच्या पिनांच्या जोड्या अशा ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. तिसरीची जोडीदार चौथी नाही, सहावी आहे. टी५६८बी हा रंगांचा ठरलेला क्रम म्हणूनच असा विचित्र दिसतो:

१ पांढरा-नारिंगी
२ नारिंगी
३ पांढरा-हिरवा
४ निळा
५ पांढरा-निळा
६ हिरवा
७ पांढरा-तपकिरी
८ तपकिरी

तुझ्या केबलीत १-२ आणि ७-८ बरोबर आहेत. ३-६ वर मात्र पांढरा-हिरवा आणि निळा आले, ४-५ वर हिरवा आणि पांढरा-निळा. सर्किटच्या दृष्टीने चारही जोड्या पुऱ्या आहेत, म्हणून टेस्टर खूश. पण हिरव्या आणि निळ्या रंगांच्या बाबतीत एकमेकांना पिळलेल्या तारा आता वेगवेगळे सिग्नल नेताहेत.

पिळाचं काम समजून घे. एका जोडीच्या दोन तारांवर समान आणि उलट व्होल्टेज असतं, आणि पलीकडचं नेटवर्क कार्ड दोन्हींतला फरक तेवढा मोजतं. बाहेरून खरखर आली तर पिळामुळे ती दोन्ही तारांवर जवळपास सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते. तुझ्या ३-६ वरच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्याच नाहीत, त्यामुळे खरखर दोघींवर वेगवेगळी पडते. शिवाय तिसऱ्या पिनची तार चौथ्या पिनच्या तारेला शेवटपर्यंत चिकटून जाते, म्हणजे एका जोडीचं बोलणं दुसरीला ऐकू येतं. हाच क्रॉसटॉक.

आता तुझी तिन्ही निरीक्षणं जुळतात. १०० एमबीपीएसला फक्त १-२ आणि ३-६ वापरात असतात, ४-५ गप्प असते. ३-६ बिघडलेली असली तरी तिच्या कानाशी बोलणारं कुणी नाही, म्हणून चार संगणक तिथं नीट चालतात. गिगाबिटला चारही जोड्या एकाच वेळी, दोन्ही दिशांनी बोलतात. ३-५ मीटरवर पलीकडून आलेला सिग्नल दणकट असतो आणि गिगाबिट चिप काही प्रमाणात क्रॉसटॉक स्वतः वजा करते, म्हणून जवळचे सहा तग धरून आहेत. ३०-४० मीटरवर सिग्नल क्षीण होतो, शेजारच्या जोडीचा गोंगाट तेवढाच राहतो. काही कार्डं गिगाबिटचा प्रयत्न फसल्यावर स्वतःहून १०० वर उतरतात, ते तुझे चार. दोन कार्डं हट्टाने १००० वर थांबलीत. तिथं चौकटी तुटक्या पोचतात, शेवटच्या ४ बाइटांच्या तपासणीत नापास होतात आणि स्विच त्या न सांगता टाकून देतो. टीसीपीला, म्हणजे फाइलचे तुकडे नीट पोचवण्याची जबाबदारी असलेल्या प्रोटोकॉलला, वाटतं रस्त्यात गर्दी झाली. तो पाठवण्याचा वेग खाली आणतो, हळूहळू वाढवतो, तोवर पुन्हा चौकट हरवते. म्हणून १००० ची लिंक असून २-३ एमबी.

जवळच्या सहा केबली चालताहेत म्हणून ठेवू नकोस. बाराही केबलींची दोन्ही टोकं कापून नव्याने कर.

करताना: वरचं आवरण २५-३० मिलीमीटर सोल. कॅट ६ च्या मध्यभागी अधिक चिन्हासारखी प्लास्टिकची पट्टी असते, ती आवरणापाशी कापून टाक. तारा क्रमाने लावून सरळ कर, मग एका रेषेत कापून १२-१३ मिलीमीटर उघड्या ठेव. पीळ याहून जास्त उघडला की तेवढ्या तुकड्यात जोडी पुन्हा सुटीच. कनेक्टरमध्ये सारल्यावर समोरच्या टोकातून आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण मागच्या दाबपट्टीखाली आलं पाहिजे. दाबपट्टी नुसत्या तारांवर बसली तर दोनचार वेळा केबल ओढली गेली की संपर्क सुटतो. हा प्रकार टेस्टरवर कधी दिसतो, कधी दिसत नाही.

कॅट ६ ची तार सहसा कॅट ५ई पेक्षा जाड असते. कनेक्टर कॅट ६ चेच आहेत ना बघ, नाहीतर तारा आत शेवटपर्यंत जात नाहीत.

---

अक्कलकोट_रोड

वरचं निदान बरोबर आहे. पिळाबद्दल थोडं अजून, कारण सोलापूरच्या पोराला पीळ काय ते वेगळं सांगायला लागू नये. चादरीचं सूत घ्यायला गेलं की इंचाला पीळ किती हे विचारतातच की. केबलीतही चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो. केबल सोलून फूटपट्टी लाव आणि प्रत्येक जोडीचे वेढे मोज, आकडे वेगळे येतील. सारखे ठेवले असते तर दोन शेजारच्या जोड्यांच्या त्याच त्याच तारा दर वेढ्याला समोरासमोर आल्या असत्या आणि क्रॉसटॉक साठत गेला असता. प्रोजेक्टच्या वहीत हे मोजमाप घाला, कुठल्याही आकृतीपेक्षा चांगलं दिसेल.

आता बॉक्स बघ. आवरणावर काय छापलंय? 'सीसीए' असेल तर तो तांब्याचा मुलामा दिलेला अॅल्युमिनियम. ब्लेडनं तार खरवडली आणि आत पांढरी चकाकी दिसली तरी तेच. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, तार ठिसूळ असते, दोनदा वाकवली की तुटते. छोट्या तुकड्याला चालून जाईल, पण ४० मीटरला आणि विशेषतः केबलीतूनच वीज देऊन कॅमेरा चालवायचा असेल तर अजिबात वापरू नका. कॅट ५ई, कॅट ६ ही नावं लावायची तर तार शुद्ध तांब्याचीच लागते.

पलीकडच्या खोलीत केबल नेली कुठून? पत्र्याखालून नेली असेल तर एक गोष्ट. तांब्याच्या केबलीतली सिग्नलची घट २० अंशांवर मोजलेली असते. त्यापुढं ४० अंशांपर्यंत दर अंशाला ती सुमारे ०.४ टक्क्याने वाढते, ४० च्या वर दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्याने. इथं एप्रिल-मे मध्ये सावलीतच ४० च्या वर जातं, पत्र्याखाली ५० सहज. म्हणजे घट साधारण १४ टक्क्यांनी जास्त. १०० मीटरची मर्यादा आहे, त्यातले ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्हीकडच्या सुट्या तुकड्यांसाठी. तुमच्या ४० मीटरला काही होणार नाही. पण ९० मीटर केबल टाकून डिसेंबरात पास झालेली लाइन मे मध्ये दुपारी का लटकते, त्याचं एक कारण हे.

विजेच्या वायरीच्या पाइपमधून डेटा केबल कधीच नेऊ नका, आधी जिवाच्या धोक्यासाठी आणि मग खरखरीसाठी. समांतर जावंच लागलं तर हातभर अंतर ठेवा, ओलांडायची तर काटकोनात ओलांडा. यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटारी आणि स्टार्टर असतात, तिथं हे दुप्पट काळजीने.

आणि दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांबं नकोच. दोन्हीकडच्या अर्थिंगच्या पातळीत फरक असतो आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांची कार्डं जातात. तिथं सिंगल मोड फायबर आणि तारेतला सिग्नल प्रकाशात बदलणारे दोन मीडिया कन्व्हर्टर. एकाच फायबरवर चालणारे कन्व्हर्टर जोडीनेच घ्यायचे: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलट. दोन्ही एकाच प्रकारचे आणले तर विजेचा दिवा लागतो, लिंकचा दिवा लागत नाही, आणि माणूस फायबर तुटली समजून खोदत बसतो. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

---

सीएन_शिकवणी

बॉड आणि बिट रेटचं उत्तर तुझ्या लॅबच्या तारेवरच आहे, पुस्तकातल्या मोडेमपर्यंत जायची गरज नाही.

बॉड म्हणजे सेकंदाला तारेवरची स्थिती किती वेळा बदलते, म्हणजे चिन्हं किती गेली. बिट रेट म्हणजे त्या चिन्हांमधून माहिती किती गेली. गिगाबिटमध्ये प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी चिन्हं जातात. व्होल्टेजच्या पाच पातळ्या असतात आणि एका चिन्हात माहितीचे २ बिट धरले जातात. उरलेली सवड चुका दुरुस्त करायच्या सांकेतिक भाषेसाठी. १२.५ कोटी × २ बिट × ४ जोड्या = १०० कोटी बिट, म्हणजे १००० एमबीपीएस. दर जोडीचा बॉड रेट १२५ दशलक्ष, बिट रेट २५० दशलक्ष.

आता गंमत बघ. १०० एमबीपीएसमध्येही तारेवर १२५ दशलक्ष चिन्हंच जातात! तिथं प्रत्येक ४ बिटांचे ५ बिट करून पाठवतात, म्हणून १२५ मधले १०० तुझे. दोन्हींचा बॉड रेट सारखा, तरी बिट रेट दहापट. परीक्षकाला हे उदाहरण दे आणि वहीत आकडेमोड करून दाखव, पुढचा प्रश्न येणार नाही. आणि तुझ्या फुटलेल्या जोडीचं उत्तरही यात आहे: पाच पातळ्या म्हटल्यावर दोन पातळ्यांमधलं अंतर कमी, म्हणून तेवढाच गोंगाट १०० ला पचतो आणि १००० ला पचत नाही.

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये मांडलेलं सूत्र हेच सांगतं. वाहिनीची कमाल क्षमता = बँडविड्थ × लॉग पाया २ (१ + सिग्नल भागिले गोंगाट). गणितात मुलं चुकतात ती एकाच ठिकाणी. प्रश्नात गोंगाटाचं गुणोत्तर ३० डेसिबल दिलेलं असतं आणि सूत्रात ३० घालतात. ३० डेसिबल म्हणजे १००० पट. ३१०० हर्ट्झ घेतलं तर ३१०० × ९.९७, सुमारे ३०.९ केबीपीएस. ३० घातलं तर उत्तर १५.४ च्या आसपास येतं आणि ते चुकीचं आहे हे दिसतही नाही.

अजून एक जोडगोळी गोंधळ करते: पाठवायचा वेळ आणि पोचायचा वेळ. १५३८ बाइट म्हणजे १२,३०४ बिट. १०० एमबीपीएसवर ते तारेवर चढायला १२३ मायक्रोसेकंद लागतात, १००० वर १२.३. तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे तुझ्या ४० मीटरला ०.२ मायक्रोसेकंद. लॅबमध्ये पोचायचा वेळ जवळपास शून्यच. सोलापूर ते मुंबई मात्र ४०० किलोमीटर धर. फायबरमध्येही वेग तोच, म्हणून जायला २ मिलिसेकंद, जाऊन यायला ४. प्रत्यक्षात पिंग, म्हणजे निरोप जाऊन यायचा मोजलेला वेळ, याहून जास्त येतो, कारण फायबर सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतला प्रत्येक राउटर थोडा थांबवतो. पण महागडा प्लॅन घेऊन हे ४ कधीच कमी होणार नाहीत. प्लॅनने पहिला वेळ घटतो, दुसरा अंतरावर ठरतो.

---

द्वितीयवर्ष_सोलापूर

सर, दादा, ताई, मनापासून आभार. बाराही केबली टी५६८बी ने नव्याने केल्या. सगळीकडं १००० लिंक आली आणि टिकून आहे. आवरणावर सीसीए नाही, खरवडून पाहिलं, आतून लालच आहे.

तीन गोष्टी राहिल्या. कॉपीचा वेग कुठं ७०, कुठं १०५ एमबी असा येतो. सगळ्या संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते आलेत. आणि काल एकदा स्विचचे सगळे दिवे एकदम भराभरा लुकलुकले आणि कुणालाच काही मिळेना. स्विच बंद-चालू केला तरी तसंच. शेवटी सगळ्या केबली काढून परत लावल्या तेव्हा सुरळीत झालं.

---

रॅक_पॅनेल

७० आणि १०५ मध्ये नेटवर्कचा दोष नसावा, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेगच तेवढा असतो. डिस्क बाजूला ठेवून नुसती तार मोजायची तर आयपर्फ हा नेटवर्कचा वेग मोजायचा प्रोग्रॅम वापर. एका संगणकावर सर्व्हर म्हणून चालव, दुसऱ्यावरून जोडून १० सेकंद मोज. चांगल्या गिगाबिट लाइनवर ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा येतो. प्रत्येक केबलीचा आकडा लिहून ठेव, प्रोजेक्टमध्ये तोच खरा पुरावा. ६००-७०० आला तर ती केबल पुन्हा बघ.

१६९.२५४ म्हणजे संगणकाने पत्ता मागितला, देणारं कुणी सापडलं नाही, म्हणून स्वतःच घेतला. तुमच्याकडं राउटर नाही, नुसता स्विच आहे, आणि स्विच पत्ते वाटत नाही. हाताने दे: १९२.१६८.१०.११ पासून १९२.१६८.१०.२२ पर्यंत, सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०, इंटरनेट नसेल तर गेटवे रिकामा. दोन संगणकांना एकच पत्ता गेला तर विंडोज सहसा तक्रार करतं, तरी कागदावर यादी करूनच भर. मग पिंग. उत्तर आलं नाही तर लगेच केबलीकडं धावू नकोस. विंडोजची फायरवॉल 'पब्लिक' नेटवर्कवर पिंगला उत्तर देत नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' कर आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू कर.

लुकलुकणं हा बहुतेक लूप. एखाद्या केबलीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली. सगळ्यांना उद्देशून पाठवलेली चौकट स्विच सगळ्या पोर्टांतून बाहेर काढतो. ती लूपमधून परत आत येते, पुन्हा सगळीकडं जाते. आयपी पॅकेटला आयुष्य मोजणारा आकडा असतो, इथरनेटच्या चौकटीला नसतो, म्हणून ती फिरतच राहते आणि सेकंदाभरात तार भरून जाते. स्विच बंद-चालू करून उपयोग नाही, कारण लूप तारेत आहे. महागड्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असा पोर्ट स्वतः बंद करते, तुमच्या साध्या स्विचमध्ये ती बहुधा नसणार. पुन्हा झालं तर एकेक केबल उपटत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, तिचं दुसरं टोक कुठं आहे ते बघ.

त्यासाठी प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना आजच नंबर लावा. कागदाचं लेबल सोलापूरच्या उन्हाळ्यात सुटून पडतं, त्यावर पारदर्शक टेप गुंडाळा.